मांदेल्यांची पेटी

मंगळवार उजाडला की मान्सोकच्या पायांना भिंगरी लागायची. वय चौसष्ट. त्यातली चाळीस वर्षं मांदेली पकडणाऱ्या होडीवर गेली, आणि दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी हात टेकले म्हणून गडी किनाऱ्यावर आला. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र गुडघे दुखतात हे त्याला आठवायचंच नाही. दुपारचे दोन वाजायच्या आत तो दाढी करून, टोपी घालून, चेंडू टोलवायचा लाकडी हातोडा खांद्यावर टाकून दारात उभा.

"गेटबॉलला चाललो गं."

बोगिम, त्याची बायको, तेव्हा नुकतीच शेडवरून परतलेली असायची. तोंगयोंग बंदरातल्या निम्म्या बायकांसारखी तीही हिवाळाभर कालवं फोडायला जाई. पहाटे चारला सुरुवात, दुपारी घरी, मग कढत भात आणि मुळ्याचं लोणचं. घास खाली न ठेवता ती त्याच्याकडे बघायची.

"जा की. पण चार महिने झाले, त्या हातोड्यावर एक ओरखडा नाही. चेंडू मारता का गोंजारता?"

"आमच्या संघात ताकदीपेक्षा डोकं लागतं."

"मग तुम्हाला कसं घेतलं?"

यावर उत्तर न देता सटकायचं, हे मान्सोक लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकला होता. जिना उतरला, वळण ओलांडलं की तो मैदानाचा रस्ता सोडायचा आणि बंदरामागचा चढ चढू लागायचा. वर पांग मास्तरांचा वर्ग होता. हातोडा वर्गाच्या दारामागे, छत्र्यांच्या भांड्यात उभा राही. आणि मान्सोक अकरा बायकांच्या मध्ये जाऊन आपल्या जागेवर बसे, समोर पेटी ठेवे आणि तिच्यावरचं फडकं असं काढे, जणू लहान मूल झोपलंय आणि ते जागं होईल.

पेटी त्यानं स्वतः केली होती. पांढरं, हलकं लाकूड, वीतभर रुंद, दीड वीत लांब, बारीक घासून लोण्यासारखी मऊ केलेली. आता तिच्यावर काळं रोगण चढायचं होतं आणि त्या काळ्यावर शिंपल्याची नक्षी. मार्चमध्ये बोगिमची साठी होती. साठ वर्षं पुरी करणं म्हणजे एक फेरा पुरा करणं. त्या दिवशी ही पेटी तिच्या हातात द्यायची, आणि तोवर तिला वासही लागू द्यायचा नाही, असा बेत होता. बेत आठवला की त्याला बसल्या जागी हसू फुटायचं. शेजारी बसणारी ओकबुनबाई, जिची बंदरावर पाकातल्या पावांची टपरी होती, ती म्हणायची, "मास्तर, ह्यांना पुन्हा उकळी फुटली."

"फुटू दे," पांग मास्तर म्हणायचे. "पण हात हलला की शिंपला फुटेल, एवढं सांग त्याला."

पेटीच का, आणि शिंपल्याचीच का, याला एक कारण होतं.

बोगिम पंधरा वर्षांची असताना शिंपकामाच्या कारखान्यात लागली होती. तेव्हा तोंगयोंगात गल्लोगल्ली असे कारखाने होते. पोरी रांगेनं बसायच्या आणि केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीनं शिंपल्याच्या पापुद्र्यातून हरणं, बगळे, पाइनची झाडं कापायच्या. ती हरणं मोठमोठ्या काळ्या कपाटांवर चिकटायची आणि कपाटं सोलच्या, बुसानच्या नवरीमुलींच्या घरी जायची. सहा वर्षं बोगिमनं दुसऱ्यांची लग्नं सजवली. मग तिचं स्वतःचं लग्न झालं, ते एका खलाशाशी, आणि संसार आला दोन उशा आणि एका भाताच्या पातेल्यावर. "चांगला हंगाम लागला की तुला कपाट," असं मान्सोक म्हणाला होता. हंगाम चांगले लागले, पण त्या त्या वेळी दुसरंच काही निघालं. होडीचं यंत्र, लेकीचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण. आणि जेव्हा खरंच जमलं असतं, तेव्हा तशी कपाटं कुणी घेईनासं झालं होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दोघं बाजारातून येत होती. वळणावर तसंच एक कपाट कुणीतरी बाहेर काढून ठेवलं होतं, दारावर पालिकेची कचऱ्याची चिठ्ठी. बोगिम थांबली. भाजीची पिशवी खाली ठेवली आणि एका हरणाच्या पायावरून तिनं बोट फिरवलं.

"हे आमच्याकडचं," ती म्हणाली. "पाय बघा. करवत न उचलता कापलाय. आमच्या इथं तसाच कापायला लावायचे."

"तू कापलेलं?"

"माझं असेल. माझ्या बाजूला बसायची तिचं असेल. आता कोण सांगणार."

ती दहा मिनिटं तिथंच उभी होती. मान्सोकनं कपाट हलवून पाहिलं. पावसानं लाकूड फुगलं होतं, मागची फळी सुटली होती, आणि त्यांच्या जिन्यातून ते वर गेलंही नसतं. दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा जागा रिकामी होती. बोगिमनं पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. तिच्या घरात शिंपल्याचा नखाएवढाही तुकडा नव्हता, हे मान्सोकच्या मात्र त्या दिवशी प्रथमच ध्यानात आलं, आणि मग ते डोक्यातून जाईना.

म्हणून हा वर्ग.

पहिल्या दिवशी पांग मास्तरांनी त्याला किल्लीला लटकवायचं फूल करायला दिलं होतं. शहात्तर वर्षांचा, सुपारीसारखा कडक म्हातारा. मान्सोकची बोटं पाहून म्हणाला, "ही बोटं आहेत का दोरखंड?"

"चाळीस वर्षं दोरखंडच ओढलाय, मास्तर."

"फुलापासून सुरुवात कर."

"फूल नको. पेटी करायचीय. वर मांदेल्या पाहिजेत. चाळीस."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बगळे मागतात लोक. कमळ मागतात. पन्नास वर्षांत मांदेली कुणी मागितली नाही मला."

"तिची माझी ओळख मांदेलीवरून झाली," मान्सोक म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. "कारखान्याच्या जेवणासाठी सुकी मांदेली न्यायला धक्क्यावर यायची. मी एक ओंजळ जास्त घालायचो. मुकादम ओरडायचा."

अकराच्या अकरा बायका हसल्या. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी फुलाचा कागद उचलून बाजूला ठेवला.

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. पात्यावर पातं तुटलं. एका वर्गात अकरा पाती तोडण्याचा मान मान्सोकला मिळाला आणि ओकबुनबाईनं त्याबद्दल सगळ्यांना पाकातले पाव वाटले. पण जानेवारीच्या शेवटी चार मांदेल्या कापून झाल्या, मग सात, मग नऊ. रोगणाचे पहिले हात चढलेल्या काळ्या झाकणावर सरस लावून त्यानं त्या नऊ चिकटवल्या, तेव्हा तो उठून वर्गात दोन फेऱ्या मारून आला. घरी जाताना चढावरून समुद्र दिसत होता. त्यानं सुवोनला असलेल्या लेकीला, हेरानला, फोन लावला.

"नऊ झाल्या."

"बाबा, फोटो पाठवा. आणि आईसमोर तोंड बंद ठेवा. तुमच्या तोंडावर सगळं वाचता येतं."

"माझ्या? मी तर बर्फासारखा राहतो घरात."

"परवा आई सांगत होती, बाबा आंघोळ करताना गाणी म्हणतात म्हणून."

पेटीच्या बाजूंना रोगणाचा आणखी एक हात द्यायचा होता. हे रोगण म्हणजे झाडाचा चीक. सुकल्यावर निर्धोक, ओला असताना बिब्ब्याचा सख्खा भाऊ. मास्तरांनी दहा वेळा बजावलं होतं, हातमोजे घाला, तोंडाला हात लावू नका. मान्सोकनं हातमोजे घातले. मग ब्रशाचा एक केस रोगणात अडकलेला दिसला. जाड मोज्यात तो चिमटीत येईना. त्यानं मोजा काढला, केस उचलला, आणि खूश होऊन गाल खाजवला.

दोन दिवसांनी चीक उतला. सकाळी तो उठला तो डोळे उघडेनात. गाल भाकरीसारखे फुगलेले, बोटांवर फोड, मनगटापर्यंत लाल. बोगिम दुपारी शेडवरून आली, दारात चपला काढता काढता तिची नजर त्याच्यावर गेली आणि ती तशीच एका पायावर उभी राहिली.

"हे काय?"

"मैदानावर काहीतरी गवत असेल."

"फेब्रुवारीत?"

"वाळलेलं."

तिनं जवळ येऊन त्याचा हात उजेडाकडे धरला. फोड पाहिले, मनगट पाहिलं. मग वाकून बोटांचा वास घेतला. मान्सोकनं हात हळूच मागे ओढला.

"हेरानचे बाबा," ती अगदी शांतपणे म्हणाली, "हल्ली चेंडूला रोगण लावतात का?"

"कसलं रोगण? मला काही..."

"बरं. गवत तर गवत."

तिनं त्याला डॉक्टरकडे नेलं, मलम आणलं, आणि संध्याकाळी चेस्टनटची वाळकी पानं उकळून त्या पाण्यात भिजवलेली फडकी त्याच्या हातांवर ठेवली. ते करताना ती मान खाली घालून होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की काय, हे सुजलेल्या डोळ्यांनी त्याला कळेना.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन आठवडे हात कशाला लावायचा नाही. साठीला सहा आठवडे उरले होते. मान्सोकनं हिशेब केला. शिंपले चिकटवून झाल्यावर पेटीला पुन्हा रोगणाचे चार-पाच हात लागतात. प्रत्येक हात ओलसर कपाटात ठेवून सुकवायचा, कारण हे रोगण उन्हात सुकत नाही, दमट हवेत सुकतं. म्हणजे जे कापायचं ते दोन आठवड्यांत कापून व्हायला हवं. आणि अजून एकतीस मांदेल्या बाकी.

शुक्रवारी तो तरीही वर्गात गेला. सुजलेल्या बोटांत करवतीची मूठ मावेना. एकामागून एक तीन पाती तुटली.

"नऊ पुरे," पांग मास्तर म्हणाले. "मोकळी जागा पण शोभते."

"नऊ मांदेल्यांना थवा म्हणत नाहीत, मास्तर. नऊ म्हणजे जाळ्यातून सुटलेल्या."

"मग उरलेल्या मी कापतो."

मान्सोकनं मान हलवली. तसं करायचं असतं तर दुकानातून विकत आणली असती. वर्ग सुटला, बायका गेल्या, तरी तो उठेना. आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून चार महिने तो खोटं बोलला होता, न मारलेल्या चेंडूंच्या गोष्टी सांगितल्या होत्या. ते सगळं मोडायचं म्हणजे जिवावर येत होतं. पण दुसरी एक गोष्ट त्याच्या मनात शिरली होती, आणि ती इतकी सुंदर होती की तिच्यापुढे गुपित फिकं पडायला लागलं. हे सुचायला चार महिने आणि एक पुरळ का लागलं, याचं त्यालाच नवल वाटलं.

घरी जाऊन तो दारातूनच म्हणाला, "चपला घाल. चल माझ्याबरोबर."

बोगिम घाबरली. "परत सूज वाढली का? डॉक्टरकडे जायचंय?"

"चल म्हणतो ना."

चढ चढताना तिनं तीनदा विचारलं. तो नुसता भरभर पुढे चालत राहिला. वर्गाच्या दाराशी आल्यावर ती थांबली. आतून सरस उकळल्याचा, जुन्या लाकडाचा, रोगणाचा वास येत होता. चाळीस वर्षांत तिनं तो घेतला नव्हता. तिनं दाराची चौकट धरली.

"हे गेटबॉलचं मैदान वाटतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"रोगण उतलेलं मला कळणार नाही? पोरी असताना आमच्यातली एक तरी कायम सुजलेली असायची. फक्त काय करताय ते कळत नव्हतं. म्हटलं, असेल काहीतरी. सांगतील."

मान्सोकनं पेटी तिच्यापुढे ठेवली आणि फडकं काढलं.

ती वाकून पाहू लागली. मग तिनं तोंडावर हात धरला, आणि मग हात बाजूला करून मोकळेपणी हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"ह्या काय काकड्या आहेत?"

"मांदेल्या आहेत."

"ह्या? तुम्ही उभा जन्म मांदेली पकडलीत ना?"

"पकडली. कापली नव्हती." त्यानं आपले फोडांनी भरलेले हात पुढे केले. "तुझ्या साठीला द्यायची होती. चाळीस करायच्या होत्या. हात दगा देऊन गेले. आता हे सगळं तुझंच आहे. तुला वाटलं तर तू कर पुढचं. नाही वाटलं तर नऊच राहू देत."

"म्हणजे माझ्या साठीची भेट मीच करायची? कुठल्या घरात असं असतं हो?"

ती असं म्हणत होती खरी, पण तिच्या एका हातानं दुसऱ्या हाताची बाही केव्हाच वर सारली होती. पांग मास्तर कोपऱ्यातून पाहत होते.

"कुठल्या कारखान्यात होता, बाई?"

"पश्चिम वेशीखालच्या. टेकडीच्या उतारावर होता तो."

"तिथले लोक करवत उचलत नसत म्हणे."

"उचलली तर मुकादमीणबाई पट्टी मारायची." तिनं मेजावरची करवत उचलली, पात्यावरून नख फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याच्यानं कापत होते हे? हे लाकूड कापायचं पातं. याहून बारीक नाही का?"

मास्तर उठले. भिंतीवरच्या खणातून त्यांनी एक कागदाची पुडी काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

पहिलं पातं तुटलं. दुसरंही. बोगिमच्या कपाळावर आठी पडली, कानांमागे लाली चढली. "चाळीस वर्षं कालवं फोडणारीचे हात," ती पुटपुटली. तिसरं पातं लावताना तिनं डोळे मिटले, खांदे सैल सोडले. मग शिंपला फिरू लागला. करवत जागच्या जागी वरखाली होत होती आणि डाव्या हाताचं बोट शिंपल्याला तिच्याकडे असं वळवत होतं, जसं कुणी दमलेल्या मुलाचं तोंड हळूच फिरवावं. डोकं, पोटाची फुगीर रेघ, शेपटीची दोन टोकं, परत पाठ. करवत एकदाही थांबली नाही. बारीकशी मांदेली मेजावर टपकन पडली.

तिनं ती चिमटीत उचलली, पाठीला सरसाचं बोट लावलं, जिभेच्या टोकानं ओली केली आणि झाकणावर ठेवून तापलेल्या सळईनं दाबली. हे सगळं इतक्या पटकन झालं की मान्सोकचं तोंड उघडंच राहिलं. ह्या बाईबरोबर तो इतकी वर्षं राहिला, जेवला, भांडला, आणि हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"मास्तर," त्यानं कुजबुजत विचारलं, "मी काय पाहिलं आत्ता?"

"काम पाहिलंस," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून घराचं वेळापत्रकच फिरलं. बोगिम शेडवरून येई, उभ्या उभ्या जेवे आणि मान्सोकच्या आधी दारात उभी राही. "चला की. काय बाई हळू." वर्ग आठवड्यातून दोनदा असला तरी मास्तरांनी त्यांना किल्ली दिली होती. ओकबुनबाईसुद्धा टपरी बहिणीकडे सोपवून यायची, म्हणे पाहायला.

तिसऱ्या दिवशी दोघांचं वाजलं. बोगिमनं झाकणावर पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या, मांदेल्या एकाखाली एक, नीट रांगेत.

"हे काय, शाळेची कवायत आहे का?" मान्सोक म्हणाला. "मांदेली अशी जात नसते."

"मग कशी जाते?"

"वळते. सगळा थवा एकदम. समज, समोरून मोठा मासा आला. पुढची वळली की मागच्या सगळ्या त्याच क्षणी वळतात. एकीलाही सांगावं लागत नाही." त्यानं दोन्ही सुजलेले हात हवेत फिरवले. "होडीवरून बघावं तर पाणी काळं असतं. आणि जिथं त्या वळतात ना, तिथं फक्त तिथंच, वीज चमकल्यासारखी पांढरी रेघ उमटते. पोट दिसतं त्यांचं. पुढच्या घटकेला परत काळं."

बोगिमनं पेन्सिल खाली ठेवली. ती त्याच्याकडे पाहत होती.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस. घरी आलो की तू विचारायचीस, किती मिळाली."

तिनं रेघा खोडल्या. मग शिंपल्यांचा डबा पुढे ओढला, एक एक पापुद्रा उचलून खिडकीच्या उजेडात तिरका करून बघायला लागली. काही निळसर होते, काही हिरव्यावर गुलाबी झाक मारणारे. "हा बघा. सरळ धरला तर मुका. वाकडा केला की पेटतो. अंगाची दिशा असते शिंपल्याला, लाकडासारखी. वळणावरच्या मांदेल्या ह्याच्यातून कापते, आणि सगळ्या एकाच दिशेनं. पेटी हातात फिरवली की तेवढ्याच चमकतील."

"तेवढ्याच?"

"तेवढ्याच. बाकीच्या गप्प राहतील."

मान्सोकला जागेवर बसवेना. त्यानं खडूनं मेजावर थव्याचं वळण काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. दोघं डोक्याला डोकं लावून भांडत होती, इथं जास्त दाट, नाही, इथं एक एकटी मागे पडलेली हवी, एक तरी असतेच. कुणाचं वय साठ नि कुणाचं चौसष्ट, ते ओळखू आलं नसतं. तुमच्या ह्या नऊ खरवडून काढू का, असं बोगिमनं एकदा विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच म्हणाली, "राहू देत. थव्यात चार जाड्याही असतातच."

बाराव्या दिवशी चाळिसावी चिकटली. मग पेटी मास्तरांच्या हाती गेली. त्यांनी सगळ्यावरून काळं रोगण फिरवलं, मांदेल्यांवरूनसुद्धा. बोगिमला ते ठाऊक होतं, तरी तिनं मान फिरवली. एक हात, दुसरा, तिसरा. दमट कपाटातून प्रत्येक वेळी पेटी बाहेर यायची ती अधिक काळी, अधिक मुकी. चौथ्या हातानंतर तर वाटलं असतं, आत काहीच नाही.

"गेल्या," मान्सोक हळहळला.

"आहेत," बोगिम म्हणाली. "घासल्याशिवाय येत नसतात."

पाचवा हात साठीच्या आदल्या संध्याकाळी सुकला. म्हणून साठीच्या दिवशी सकाळी आठ वाजता दोघं वर्गात होती. घरी पाहुण्यांसाठी पानं मांडायची सोडून बोगिम मेजापाशी बसली होती. पाण्यात बुडवलेला कोळशाचा तुकडा तिनं झाकणावर ठेवला आणि गोल गोल फिरवायला लागली. काळं पाणी ओघळलं. मान्सोक फडकं घेऊन शेजारी. त्याचे हात आता बरे झाले होते, नवी कातडी गुलाबी दिसत होती.

"पुसा," ती म्हणाली.

त्यानं पुसलं. काही नाही.

ती घासत राहिली. पांग मास्तर खुर्ची ओढून जवळ आले. ओकबुनबाई परातभर पाव घेऊन आली आणि परात हातातच धरून उभी राहिली.

"पुसा."

काळ्यात एक धुरकट ठिपका होता. मग ठिपक्याला शेपूट आलं. मान्सोक आणखी वाकला. आणखी चार फेरे, आणि पहिली मांदेली पाण्यातून वर यावी तशी वर आली. तिच्याशेजारी दुसरी. मग एकदम पाच.

"आल्या," मान्सोक म्हणाला. "आल्या गं. अजून घास. त्या कोपऱ्यात. हळू, हळू."

"मला शिकवता?"

"नाही बाई. घास तू."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हेरान सुवोनहून पहाटेच्या गाडीनं आली होती आणि कुलूपबंद दारात उभी होती. "बाबा, तुम्ही दोघं कुठं आहात? आज साठी आहे ना आईची? माझ्या हातात सारानं भरलेलं पातेलं आहे."

"पातेलं घेऊन इकडंच ये. वर, चढावर. लवकर ये, नाहीतर चुकेल."

अर्ध्या तासानं ती धापा टाकत आली. एका हातात वाढदिवसाला करतात त्या समुद्री शेवाळाच्या साराचं पातेलं, दुसऱ्यात पिशवी. मेजाभोवती सगळे वाकले होते, कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि वडिलांच्या खांद्यावरून डोकावली. शेवटच्या तीन मांदेल्या तिच्यासमोर वर आल्या.

बोगिमनं पेटी धुतली, कोरडी केली, तेलाचं बोट फिरवून तळव्यानं चोळली. मग दोन्ही हातांत धरून खिडकीशी गेली आणि हळूच वळवली. थवा काळ्या पाण्यात गप्प होता. पेटी आणखी थोडी कलली, आणि वळणावरच्या सात मांदेल्या एकदम पेटल्या. हिरव्या, गुलाबी, पांढऱ्या. ती परत सरळ झाली, त्या विझल्या.

ओकबुनबाईच्या हातातली परात कलंडली आणि दोन पाव जमिनीवर घरंगळले. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"हे असंच दिसतं?" बोगिमनं विचारलं. "होडीवरून?"

मान्सोकनं होकारार्थी मान डोलावली.

"चाळीस वर्षं तुम्ही हे बघायचात, आणि मी घरी बसून हवामानाच्या बातम्या ऐकत जीव मुठीत धरायचे." तिनं पेटी पुन्हा एकदा वळवली. "थोडं आधी दाखवायचं होतंत."

"आई," हेरान म्हणाली, "आत काय ठेवणार?"

"आज काही नाही. आज नुसती धरणार."

मग तिथंच पंगत बसली. कानशी आणि करवती बाजूला सारून मेजावर पातेलं आलं. मास्तरांनी शेजारच्या खाणावळीतून लेप मासा आणि कोवळा रानदवणा घातलेलं सार मागवलं, वसंतातलं पहिलं. हेराननं आईला वाकून नमस्कार केला, मान्सोकनं हौसेनं एक जुनं खलाशांचं गाणं म्हटलं आणि मध्येच शब्द विसरला. बोगिम जेवताना पेटी मांडीवर घेऊन बसली होती. कुणी मागितली की देत होती, पण डोळे तिच्यामागून जात होते.

निघताना पांग मास्तर दारापर्यंत आले. त्यांनी घसा साफ केला.

"बाई, कालवांचा हंगाम कधी संपतो?"

"मे महिन्यात."

"जूनपासून शुक्रवारचा वर्ग तुम्ही घ्या. करवत न उचलता कापायला मलाही येत नाही. माझ्यामागून इथं कुणालाच येणार नाही."

बोगिमनं मान्सोककडे पाहिलं, मग हेरानकडे. "मला? मी मास्तरीण? मला बोलता येत नाही चारचौघांत."

"तुला?" मान्सोक म्हणाला. "तुला बोलता येत नाही?"

ती हसली, पण होकार दिला नाही. विचार करून सांगते म्हणाली. चढ उतरताना मात्र ती भरभर बोलत होती. पहिल्या दिवशी पोरींना फूल द्यायचं की रेघ, पट्टी मारायची नाही हे नक्की, बारीक पाती बुसानहून मागवावी लागतील, आणि मांदेली कशी वळते ते सांगायला एक शुक्रवार हेरानच्या बाबांना बोलवावं लागेल. मान्सोक पेटी छातीशी धरून एक पाऊल मागे चालत होता. बस थांब्यावर एका अनोळखी म्हातारीनं विचारलं, "काय आहे हो ते?" आणि त्यानं फडकं काढायला सुरुवात केली.